पदक त्यांचे, पेढे आपले

१. तुमचा काय संबंध?

टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि ॲथलेटिक्समधले भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक पक्के झाले. त्या संध्याकाळी ज्यांनी पेढे वाटले, त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात भाला हातात धरलेला नव्हता. अंतिम फेरीतल्या बारा जणांना आधी तीन-तीन फेका मिळतात आणि पुढच्या तीन फेका फक्त पहिल्या आठ जणांना, हा नियमही अनेकांना त्याच दिवशी कळला. तरी त्यांचा आनंद खोटा नव्हता. अशा वेळी घरातला एखादा शंकेखोर काका हमखास विचारतो, ‘अरे, भाला त्याने फेकला, मेहनत त्याची, पदक त्याच्या गळ्यात. तुमचा काय संबंध?’ प्रश्न खवचट वाटतो, पण आहे रास्त.

‘देशप्रेम’ हे त्याचे तयार उत्तर आहे. ते चूक नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. देशाची निर्यात वाढली, धान्याचे विक्रमी उत्पादन झाले, तरी त्या बातमीवर कोणी गल्लीत ढोल आणत नाही. चांद्रयान उतरताना मात्र माणसे टीव्हीसमोर खिळून बसली होती. देश तोच आणि प्रेमही तेच, मग फरक कशात पडला? निर्यातीचा आकडा आपल्यापर्यंत येतो तो घडून गेल्यावर. यान उतरते किंवा भाला सुटतो तेव्हा निकाल अजून लागायचा असतो, आणि तो लागत असताना आपण पाहत असतो. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे. खेळाडूच्या बाजूने ओरडण्यातला आनंद मुख्यतः विजयाचा नसतो. दुसऱ्याच्या प्रयत्नावर, त्याचा निकाल लागण्याआधी, आपले सगळे लक्ष लावण्याचा तो आनंद असतो. विजय मिळाला तर तो वाढतो, एवढेच. हे म्हणणे सहज पटणारे नाही, म्हणून आधी विरुद्ध बाजूचा पुरावा पाहू.

२. उसना मोठेपणा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत शनिवारी फुटबॉलचा सामना झाला की सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येतात, हे त्यांनी मोजले. संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसत. त्या विद्यार्थ्यांनी सामन्यात काहीही केले नव्हते, तरी विजयाचा थोडा उजेड आपल्यावर पडावा असे त्यांना वाटत होते. पुढे सी. आर. स्नायडर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. अपयश आले की माणसे त्या गटापासून हळूच बाजूला सरकतात.

शेजारच्या मुलीला दहावीत ९५ टक्के पडले की ‘आमच्या बिल्डिंगमधली’ म्हणून सगळा मजला पेढे खायला जमतो आणि तीच नापास झाली तर ‘तिसऱ्या मजल्यावरच्यांची’ म्हणून विषय संपतो, तसाच हा प्रकार आहे. काकांचा आक्षेप नेमका याच लोकांवर आहे आणि त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. पण त्याच मजल्यावर आणखी एक जण असतो. मुलगी वर्षभर पहाटे उठून बसते हे त्याने पाहिलेले असते, कोणता विषय तिला जड जातो हे त्याला माहीत असते आणि निकालाच्या दिवशी त्याच्याही पोटात गोळा येतो. दोघे एकच पेढा खातात, पण दोघांच्या आनंदाचे मूळ वेगळे असते. चाल्डिनींच्या मोजणीत पहिला माणूस सापडला. दुसरा सापडणारच नव्हता, कारण मोजणी सुरू झाली तीच निकालानंतरच्या सोमवारी.

दुसरा माणूस खरोखर असतो याचा पुरावा आपल्याच आठवणीत आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८४ साली ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. तिसरी आलेल्या रोमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद होती आणि उषाची ५५.४२. केवळ विजयाच्या उजेडात बसायचे असते तर ही शर्यत आपण कधीच विसरायला हवी होती. उलट त्यानंतरच्या अनेक विजेत्यांची नावे विसरलेल्या माणसालाही तो सेकंदाचा शंभरावा भाग अजून आठवतो.

३. आतबट्ट्याचा व्यवहार

आता काकांचा दुसरा आक्षेप. हा पहिल्यापेक्षा भक्कम आहे. ब्रिटनमधले अर्थशास्त्रज्ञ पीटर डोल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन यांनी एका मोबाइल ॲपवरच्या नोंदी वापरून फुटबॉलप्रेमींच्या मनःस्थितीचा अभ्यास केला. संघ जिंकल्यावर आनंद वाढतो आणि हरल्यावर घटतो, हे अपेक्षितच होते. पण हरल्याचे दुःख जिंकल्याच्या आनंदापेक्षा साधारण दुपटीने मोठे निघाले. मग हिशोब मांडून पाहा. विजयाचा आनंद १ मानला तर पराभवाचे दुःख २. दहा सामन्यांपैकी तुमच्या संघाने सहा जिंकले तर जमा ६ आणि खर्च ८. म्हणजे बऱ्यापैकी जिंकणाऱ्या संघाचा चाहताही वर्षअखेर तोट्यातच राहतो. इतका आतबट्ट्याचा व्यवहार माणसे पिढ्यान्‌पिढ्या का करतात?

याचे उत्तर दुसऱ्या, जरा काळवंडलेल्या, संशोधनातून मिळते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये अमेरिकी फुटबॉलचे सामने आणि पोलिसांकडच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. जिंकणारच असे मानलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला, की घरात पुरुषांकडून पत्नीवर किंवा मैत्रिणीवर होणाऱ्या हिंसेचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढत होते. सामना अटीतटीचा होईल असा अंदाज असताना झालेल्या पराभवानंतर मात्र अशी वाढ दिसली नाही. खेळाच्या आनंदावर लिहिणाऱ्याने हा आकडा लपवू नये. पण तो नेमके काय सांगतो हेही पाहायला हवे. माणसाला चवताळवणारा पराभव म्हणजे गृहीत धरलेल्या विजयाचा पराभव. जो विजय आधीच आपल्या नावावर मांडून ठेवला होता, तो कोणीतरी हिसकावून नेला असे त्या माणसाला वाटते.

आपल्याकडे ही मालकीची भावना क्रिकेटच्या वाट्याला सर्वांत जास्त आली आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत सलग दहा सामने जिंकून उतरला होता, आणि चषक जवळजवळ आपलाच झाला अशा थाटात लोक जमले होते. अफाट गर्दीला गप्प करण्यासारखे समाधान नाही, असे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स आदल्या दिवशी म्हणाला होता, आणि त्याने ते करून दाखवले. त्याच देशातले तेच लोक ऑलिंपिकमधली तिरंदाजी किंवा जिम्नॅस्टिक्स पाहतात तेव्हा मात्र वेगळे वागतात. रिओमध्ये २०१६ साली दीपा कर्माकर व्हॉल्ट प्रकारात चौथी आली, पदक ०.१५ गुणांनी हुकले आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. तिच्यावर आपला हक्क आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. मालकी नसली की त्या हिशोबातली खर्चाची बाजू बरीच हलकी होते.

४. गट किती स्वस्तात बनतो

पण मालकी नको असेल तर ‘आपला’ खेळाडू तरी कशाला हवा? कोणाच्याच बाजूने न ओरडता तटस्थपणे खेळ पाहावा, असे काही शहाणी माणसे सुचवतात. सुचवणे सोपे आहे. मानवी मन मात्र त्या बाबतीत फार लवकर घसरते. हेन्री ताजफेल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग याबद्दल प्रसिद्ध आहेत. मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले, ते किती असतील याचा अंदाज विचारला, आणि मग ‘जास्त अंदाज करणारे’ व ‘कमी अंदाज करणारे’ असे दोन गट पाडल्याचे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी वाटेल तशी केली होती. नंतर प्रत्येक मुलाला इतर दोघांमध्ये पैसे वाटायला दिले. ते दोघे कोण हे त्याला माहीत नव्हते, फक्त कोण कोणत्या गटातला एवढेच माहीत होते. त्याला स्वतःला यातून एक पैही मिळणार नव्हती. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले.

या प्रयोगाचा एक तपशील जास्त महत्त्वाचा आहे. समजा एका पर्यायात आपल्या गटाला १९ आणि दुसऱ्या गटाला २५ मिळतात, तर दुसऱ्या पर्यायात आपल्याला ७ आणि त्यांना १. पोटाचा विचार केला तर १९ घ्यावेत. पण अनेक मुलांचा कल ७ आणि १ कडे झुकला. आपल्याला किती मिळाले यापेक्षा आपण त्यांच्या किती पुढे आहोत याला त्यांनी मोल दिले. म्हणजे ठिपके मोजण्याइतक्या फुसक्या कारणावरूनही आपलेपणा जन्मतो, आणि त्याच्या पोटात दुसऱ्याला खाली पाहण्याची ओढही असते. भाषा, नकाशा, झेंडा, राष्ट्रगीत, शाळेत पाठ केलेला इतिहास एवढे सगळे हाताशी असताना तटस्थ राहा म्हणणे म्हणूनच निरर्थक आहे. आपलेपणा आपोआप येतो. तो आल्यावर आपण पुढे काय पाहतो, हाच खरा प्रश्न आहे.

कारण आपलेपणा हेच सर्वस्व असते, तर सिडनीच्या तरणतलावावर २००० साली जे घडले ते घडलेच नसते. इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी १०० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत उतरला. पन्नास मीटर लांबीचा तलाव त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिला होता आणि पोहायला शिकून त्याला काही महिनेच झाले होते. बरोबरचे दोघे वेळेआधी उडी मारल्यामुळे बाद झाले, म्हणून तो एकटाच पोहला. शेवटच्या टप्प्यात हातपाय चालेनात आणि तो बुडतो की काय असे वाटू लागले. त्याने १ मिनिट ५२.७२ सेकंद घेतले. याच प्रकारात सुवर्णपदक जिंकणाऱ्याची वेळ ५० सेकंदांच्या आत होती. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना त्याचा देश नकाशावर दाखवता आला नसता, तरी सारे प्रेक्षागार त्याच्यासाठी ओरडत होते. तिथे पदकाची आशा नव्हती, देशाचे नाते नव्हते, उजेडात बसायला विजयही नव्हता. उरला होता तो एका माणसाचा प्रयत्न आणि तो पुरा होतो की नाही ही धाकधूक.

५. डोळा तयार होतो

मुसांबानीचा प्रयत्न समजायला काही शिकावे लागत नव्हते. बहुतेक खेळांत मात्र प्रयत्न दिसण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो, आणि आनंदाची खरी वाढ इथेच होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात मुरलेला कुस्तीशौकीन पाहा. नवख्याला तिथे दोन पैलवान नुसते एकमेकांना धरून उभे दिसतात. जाणत्याला पटाची फसलेली खेच दिसते, ढाक लावण्यासाठी बदललेला पाय दिसतो, आणि कुस्ती चितपट व्हायच्या कितीतरी आधीच त्याच्या तोंडून ‘हाण!’ निघते. शंकेखोर काका अशा मैदानात शेजारी बसले, तर त्यांना बहुधा उत्तर मिळण्याआधीच प्रश्नाचा विसर पडेल.

हेच परदेशातल्या शर्यतीला लागू करून पाहू. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. एवढेच वाचले तर ती रौप्यपदकाची एक बातमी. आता थोडे तपशील घाला. स्टीपलचेस म्हणजे साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. इथले अडथळे पक्के असतात, पाय लागला तर पडतो तो धावणारा. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीचे एकही पदक केनियाबाहेर गेले नव्हते. विजेत्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद आणि साबळेची ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांचा. ३००० मीटरला साधारण ४९१ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सरासरी सहा मीटरहून थोडे जास्त. त्या वेगाने ०.०५ सेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर अंतर कापले जाते. तीन किलोमीटर धावून, पस्तीस वेळा उडी मारून, एका फुटाचा फरक! उषाच्या शर्यतीला हेच गणित लावले तर उत्तर सात सेंटीमीटर येते.

हे कळल्यावर ती शर्यत पुन्हा पाहिली, निकाल ठाऊक असूनही, तर शेवटच्या सरळ पट्ट्यात छाती धडधडते. देशप्रेम दोन्ही वेळा तेवढेच होते, वाढले ते फक्त आपल्याला दिसणारे. बीडच्या दुष्काळी भागातून लष्करात गेलेल्या या धावपटूचे कौतुक ‘आपल्या मराठी मातीतला’ म्हणून होते, आणि व्हावेही. पण तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून अर्धा आनंद सुटतो. शिवाय जाणत्याला किबिवोटही दिसू लागतो. तो नसता तर त्या एका फुटाला काही अर्थच नव्हता.

६. दिवाणखान्यातून ओरडून काय होते?

काका आता म्हणतील, मैदानात बसून ओरडणे समजू शकते, घरात टीव्हीपुढे ओरडून काय होणार? मैदानातल्या ओरडण्याचा परिणाम होतो, हे खरे आहे. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० पंचांना एका फुटबॉल सामन्याचे प्रसंग दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २०२० मध्ये कोरोनामुळे जर्मनीतले फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांत झाले, तेव्हा यजमान संघांचा घरच्या मैदानाचा फायदाही ओसरला. गर्दीच्या आवाजाचा एक भाग, जरा अडचणीची गोष्ट आहे ही, पंचाच्या कानात जातो.

दिवाणखान्यातला आवाज मात्र कोणाच्याच कानात जात नाही. टोकियोत तर महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. नीरजचा भाला सुटला तेव्हा त्याच्यासाठी ओरडणारे जवळजवळ सगळेच हजारो किलोमीटर दूर, आपापल्या घरी होते. त्यांच्या ओरडण्याने भाला एक सेंटीमीटरही पुढे गेला नाही, आणि हे त्यांनाही कळत होते. आनंदात त्याने काडीचाही फरक पडला नाही. माझ्या मते काकांच्या मूळ प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. ‘तुम्ही काय केलेत’ या विचारण्यात एक गृहीत दडलेले आहे, की आनंद हा कामाचा मोबदला असतो. इथे तो मोबदला नव्हताच. हातात काहीही नसताना दुसऱ्याच्या यशापयशाने आपला श्वास अडकावा, आणि तो शेजारच्या खोलीत, समोरच्या घरात, सातासमुद्रापार न्यूजर्सीत बसलेल्या भावाचाही त्याच क्षणी अडकावा, यातच तो आनंद होता.

७. युद्धाचे धाकटे भावंड?

सर्वांत गंभीर आक्षेप जॉर्ज ऑर्वेलचा आहे. मॉस्कोच्या डायनॅमो संघाच्या ब्रिटन दौऱ्यानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, त्याने लेख लिहून बजावले की आंतरराष्ट्रीय खेळांमुळे राष्ट्रांत सद्भाव वाढतो हा भ्रम आहे, प्रत्यक्षात वैरच वाढते. पुढे १९६९ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत दंगली होऊन एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात महिन्याभरात लढाई जुंपली. तिचे खरे कारण जमीन आणि स्थलांतरित शेतकऱ्यांची हकालपट्टी हे होते, पण खेळाने तेल ओतले हे नाकारता येत नाही. आपल्याला तर इतके लांब जायलाही नको. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्यात क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताची ८ बाद १२० अशी अवस्था झाल्यावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना थांबवून श्रीलंकेला बहाल करावा लागला.

ऑर्वेलने पाहिले ते खरेच होते. पण ते सगळे नव्हते. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानविरुद्धची कसोटी भारत अवघ्या १२ धावांनी हरला. २७१ धावांचा पाठलाग करताना पाठदुखीने बेजार झालेला सचिन तेंडुलकर १३६ वर बाद झाला आणि पुढचे गडी भराभर कोसळले. दुःख कोलकात्यापेक्षा कमी असण्याचे कारण नव्हते, समोरचा प्रतिस्पर्धी तर जास्तच बोचणारा. त्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या आणि त्या संघाने मैदानाला फेरी मारून त्या स्वीकारल्या. तीन वर्षांच्या अंतराने एकाच देशात हे दोन्ही घडले, तेव्हा दोष ‘राष्ट्रा’च्या माथी मारून भागत नाही. कोलकात्यात लोक आपला ऐवज लुटला जाताना पाहत होते, चेन्नईत चार दिवसांची कसोटी पाहत होते. पॅरिसमध्ये २०२४ साली अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेक करून सुवर्ण नेले आणि ८९.४५ मीटरवर नीरजला रौप्य मिळाले, तेव्हा नीरजची आई म्हणाली की तोही आपलाच मुलगा आहे. त्याचे कौतुक बरेच झाले, पण नवल वाटू नये. मुलाची मेहनत वर्षानुवर्षे ठाऊक असलेल्या बाईला ९३ मीटरच्या आसपास भाला टाकायला काय लागते, हे आपल्यापेक्षा चांगले माहीत होते.

८. मोसमी चाहते

एक टोमणा उरतो. ऑलिंपिक आले की जागे होणारे आणि पंधरा दिवसांनी झोपणारे, असा. हा मला बहुतांशी मान्य आहे. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवले. कांस्यपदक घेऊन ते परतले तेव्हा कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वर्गणी देणारी ती माणसे मोसमी नव्हती, निकालाआधीच ती गुंतली होती. त्यानंतर मात्र विसर इतका दाट पडला की अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर मिळाला, आणि भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडले. मोसमी चाहत्यांवर एवढेच म्हणता येईल की स्टीपलचेसमध्ये किती उड्या असतात हे कळायला एक मोसमही पुरतो, आणि एकदा कळले की पुढच्या वेळी ते विसरता येत नाही.

लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये एक चमत्कारिक योग येतो आहे. १९०० नंतर पहिल्यांदाच क्रिकेट ऑलिंपिकमध्ये असेल, वीस षटकांचे, पुरुषांचे आणि महिलांचे, प्रत्येकी सहा संघांत. ज्या खेळावर आपण सातबारा आपल्या नावावर असल्यासारखा हक्क सांगतो आणि ज्या स्पर्धेत चौथ्या आलेल्या मुलीलाही डोक्यावर घेतो, ते दोन्ही एकाच पंधरवड्यात एकाच पडद्यावर येतील. भारत उपांत्य फेरीत हरला तर लोक कोणत्या डोळ्यांनी पाहतील, हे आज सांगता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर पुरुषांच्या संघाला अहमदाबादचा डोळा मिळेल आणि महिलांच्या संघाला दीपा कर्माकरचा, आणि त्यामुळे महिलांचे सामने पाहणाऱ्यांची चैन होईल. अर्थात महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत एकदिवसीय विश्वचषक जिंकल्यापासून त्यांच्याकडेही विजयाची वसुली मागायला सुरुवात झालेलीच आहे.